गळ, आमिष आणि सोमेश्वर राजा

परवा रात्री टेक्सासहून भाच्याचा फोन आला. इकडे आम्ही झोपायच्या तयारीत, आणि तिकडे हा सकाळी सकाळी तळ्याच्या काठावर. "मामा, आज अकरा क्रॅपी!" आवाज असा की जणू अकरा म्हणजे लॉटरीच.

क्रॅपी हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा. वसंतात पाणी जरा उबदार झालं की तो अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर घरट्यापाशी राखण करत थांबतो. भाचा तेव्हा 'जिग' टाकतो. जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ, त्याला पिसांचा नाहीतर रबराचा झुपका. ना गांडूळ, ना पिठाची गोळी. दोरीला हलके झटके देत तो पाण्यात खालीवर नाचवायचा. माशाला वाटतं, छोटा मासाच चाललाय. टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी दिवसाला पंचवीसच मासे ठेवता येतात, आणि दहा इंचांखालचा परत पाण्यात सोडावा लागतो. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमच्याकडे वसईत चैत्रात काय लागतं गळाला?"

आता काय सांगणार? एव्हरशाईन सिटीत चैत्रात फक्त टँकर येतात!

पण प्रश्न डोक्यातून जाईना. एक तर आपल्याकडे माशांचा वसंत चैत्रात नसतोच. चैत्र-वैशाखात तळी आटत आलेली असतात, मरळ चिखलाच्या आधाराने दिवस काढते. तिला हवेतला श्वास घेता येतो म्हणून जमतं. आपल्या माशांचा वसंत मृगाच्या पावसाबरोबर येतो. पहिल्या लोंढ्याबरोबर मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात. तेव्हा कोणी गळ घेऊन बसत नाही, टोपली, पागोळी, काठी, हाताला येईल ते घेऊन लोक शेतात उतरतात. गळ टाकून बसणं हे सवडीचं काम.

आणि सवडीचं काम म्हटलं की राजे आठवतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेपलीकडचंच. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, स्वयंपाक आहे, संगीत आहे. कांडताना बायका ओवी गातात याची मराठी माणसाला सुखावणारी नोंदही त्यातच आहे. आणि त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे, म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक! समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खायला घालून हेरून ठेवायचं, काठी आणि दोरी कशी असावी, असं सगळं राजा बैजवार सांगतो. माशाला आधी खाऊ घालायचं, माणसाची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, हे तर आम्ही आजही करतो!"

हा ग्रंथ गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला, संपादक गजानन श्रीगोंदेकर. पहिला भाग १९२५ चा आणि तिसरा १९६१ चा. तिकडे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली मत्स्यविनोदावर लेख लिहून जगाच्या नजरेला हे प्रकरण आणलं. नाहीतर छंद म्हणून मासेमारी साहेबानेच आणली अशी आपली ठाम समजूत होती. (माझी तरी होती.)

साहेबाचं श्रेय मात्र नाकारायचं कारण नाही. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करत फिरला आणि १८३९ साली त्याने त्यांची वर्णनं छापली. मला त्याची एक गोष्ट फार आवडते. नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या लोकांचीच नावं लॅटिनच्या शेजारी बसवली. खुद्री, कोलस, मसुल्ला! पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला महसीर आज जगभर 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो. त्याला ती नावं सांगणाऱ्या भोयांची नावं कुठे राहिली नाहीत, पण त्यांचा शब्द राहिला.

या खुद्रीची पुढची कथा मात्र गुंतागुंतीची आहे. धरणं आली, नद्या अडल्या, महसीर कमी झाला. मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या अंड्यांचा आणि पिलांचा अभ्यास केला. १९७० नंतर लोणावळ्याला वळवणच्या तळ्याशी टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास सुरू केली. ओगले आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं राबले, आणि पिलं देशभर गेली. कावेरीतही गेली. तिथे त्यांनी असा जम बसवला की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मागे हटत गेला. २०१८ साली त्या कुबडवाल्याची ओळख 'टोर रेमादेवी' म्हणून पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव मिळालं तेही जाता जाता.

आमच्याकडे तर कुबडवाल्याइतकीही नोंद नाही. १९५२ साली भारतात मूळचा आफ्रिकेतला तिलापिया आणला, ज्याला सगळे चिलापी म्हणतात. स्वस्तात पोटभर मासा मिळावा हा हेतू. १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्पची पैदास साधली, आणि मग गंगेतले रोहू-कटला गावोगावच्या तळ्यांत आले. हे वाईट झालं असं कसं म्हणू? त्या रोहूवर कितीतरी घरं जेवली. पण चिलापी गटारातही जगते. मादी पिलांना तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे ती सहसा मरत नाहीत. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात बुडाली, आमच्याकडे वीज नव्हती, तेव्हा खालच्या रस्त्यावर गुडघाभर पाण्यात दोन पोरं मच्छरदाणीच्या तुकड्याने मासे धरत होती. गॅलरीतून ओरडून विचारलं, काय मिळालं? "चिलापी, काका!"

मरळ नाही का, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

त्याचं कारण सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना पावसाळ्यात आजोळच्या तळ्यावर मामाबरोबर गेलो होतो. पाण्यावर एका जागी लालसर केशरी पुंजका खदखदत होता. मामा म्हणाला, ती मरळीची पिल्लं, आई-बाप खालीच आहेत. गळाला छोटा बेडूक लावून त्याने तो पुंजक्याच्या मधोमध सोडला. भूक असो नसो, मरळ पिलांवर आलेल्या बेडकावर तुटून पडते. हातभर लांब मरळ निघाली. एकच मिनिट लागलं असेल. घरी कौतुक झालं, मीही चवीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तळ्यावर गेलो, तर पुंजका निम्मा झाला होता आणि काठावर बगळे उभे होते. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं.

भाच्याच्या जिगवरही बरेच नरच येत असणार, घरट्यावर बसलेले. त्याला हे विचारायचं ठरवलं होतं. काल पुन्हा फोन आला. विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, काळपट रंगाचे असतात ना, ते नर. मी हल्ली ते सोडून देतो. पण सोडल्यावर तो त्याच घरट्यावर परत जातो की नाही, ते दिसत नाही."

तिकडे आता पाणी तापायला लागलंय म्हणे, क्रॅपी खोल पाण्यात जातील. इकडे मृगाला अजून दीड महिना आहे.