दोन तुताऱ्या
२०२४ च्या लोकसभेला आमच्या दिंडोरीत शाळेतले सर उभे राहिले, भास्कर भगरे. समोर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनं कांदा मातीमोल झालेला, पारावर एकच बोलणं, "यंदा सरच." चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. पण यंत्रावर आणखी एक भगरे सर निघाले, अपक्ष बाबू भगरे. त्यांच्या चिन्हाचं नावही तुतारीच, फक्त वाजवणारा माणूस नाही! २० मेला आजी मत देऊन आली. विचारलं, "माणूस होता का गं?"

"तुतारी दाबली बाबा. माणूस कशाला बघू?"

मी गप्प बसलो. ४ जूनला सर १ लाख १३ हजारांनी निवडून आले. अपक्ष तुतारीलाही लाखावर मतं पडली. त्यातलं एक बहुतेक आमच्या घरचं.