फिश टँकमधील झाडांसाठी घरगुती कार्बन डायऑक्साइड

पाण्यात वाढणाऱ्या झाडांनाही प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो. झाडे दाट आणि दिवा प्रखर असेल तर टँकमधील वायू लवकर संपतो. मग झाडांची वाढ खुंटते आणि शेवाळ फोफावते. सिलिंडर, रेग्युलेटर यांचा खर्च टाळण्यासाठी अनेक हौशी मत्स्यपालक हा वायू घरीच साखर आणि यीस्टपासून तयार करतात. हा प्रकार स्वस्त आहे. पण अंबरनाथ पूर्वेसारख्या उष्ण, दमट हवेच्या ठिकाणी त्यातील धोके आधी समजून घ्यावे लागतात.

वायू कसा तयार होतो?

यीस्ट साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १०० ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त सुमारे ५० ग्रॅम वायू मिळतो. अल्कोहोल वाढत गेले की यीस्ट मरते आणि बुडबुडे थांबतात. मिश्रण साधारण दोन आठवडे चालते.

साहित्य आणि मांडणी

• कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिक बाटली. काचेची बाटली वापरू नये. दाब वाढल्यास ती फुटून इजा होते.
• २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडे यीस्ट आणि कोमट पाणी. बाटलीचा वरचा पाव भाग फेसासाठी रिकामा ठेवावा.
• एअर पंपाची नळी. झाकणाचे छिद्र नळीपेक्षा किंचित लहान ठेवून नळी ओढून घट्ट बसवावी.
• मध्ये पाणी भरलेली छोटी बाटली. फेस त्यात अडकतो आणि बुडबुडेही मोजता येतात.
• टँकजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो नसेल तर वायूचा दाब कमी होताच टँकचे पाणी नळीतून उलटे बाटलीत येऊ शकते.
• पाण्यात वायू बारीक बुडबुड्यांनी सोडणारा डिफ्यूझर. मोठे बुडबुडे न विरघळताच वर येऊन हवेत जातात.

खरा धोका रात्री

दिवा बंद झाला की झाडे वायू घेणे थांबवतात आणि माशांप्रमाणेच श्वसनातून तो सोडू लागतात. यीस्टचे काम मात्र चालूच राहते. पहाटेपर्यंत वायू साचतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. म्हणून रात्री एअर पंप चालवावा किंवा नळी टँकबाहेर काढून मोकळी सोडावी. यीस्टच्या बाटलीचा वायू कधीही बंद करू नये. दाब साचून झाकण उडते.

एप्रिल-मेमध्ये हा धोका दुहेरी होतो. उष्णतेने यीस्ट अधिक वेगाने वायू सोडते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात रात्री वीज गेली तर एअर पंप बंद पडतो. यीस्टला विजेची गरज नसते. उन्हाळ्यात यीस्ट कमी घालावे, बाटली सावलीत ठेवावी आणि बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा.

प्रमाण कसे ओळखावे?

टँकमध्ये ड्रॉप चेकर लावावा. त्यातील द्रव निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर योग्य (लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम) आणि पिवळा असेल तर जास्त. हा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे माशांच्या हालचालीही पाहाव्यात. मासे वर येऊ लागले तर लगेच वायू थांबवून हवा सोडावी आणि थोडे पाणी बदलावे.

दुसरा पर्याय

सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा दोन बाटल्यांत ठेवून तयार किट वापरता येते. त्याला दाब दाखवणारा मीटर आणि व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे रात्री वायू बंद करता येतो. लहान मुले असलेल्या घरात दोन्ही प्रकारच्या बाटल्या हाताबाहेर ठेवाव्यात.

हे सगळे गरजेचेच आहे का? जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस ही झाडे कमी उजेडातही वाढतात. टँकमध्ये तीच असतील तर वेगळा वायू द्यायची गरज नाही.