बांका आणि बलरामपूर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आमच्या मनात आले ते पानिपत किंवा पेशव्यांचा उत्तरेतील कारभार. परप्रांतातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत हे विषय येतातच, आणि ते यावेत हे योग्यही आहे. परंतु आपल्या मंडळाची स्थापना १९७५ सालची, आणीबाणीच्या वर्षातली. पहिला गणेशोत्सव आपण दबक्या आवाजात साजरा केला, आणि तिसऱ्या वर्षीच्या उत्सवात जो तो मोठ्याने बोलत होता. या दोहोंच्या मध्ये जी लोकसभा निवडणूक झाली, तिचाच इतिहास लिहावा, असे आम्ही ठरविले. त्या इतिहासात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो बहुतांशी महाराष्ट्राबाहेर घडलेला आहे.

१८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी निवडणुका जाहीर केल्या. लोकसभेची पाच वर्षांची मुदत त्यापूर्वीच संपून गेली होती. ती कायद्याने वाढविण्यात आली होती. ज्यांना या मुदतवाढीची लाज वाटली त्यांत मधू लिमये हे प्रमुख. मध्य प्रदेशातील तुरुंगात असतानाच, लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले आहे, त्याहून अधिक काळ बसण्याचा आपल्याला अधिकार नाही, या भूमिकेवरून त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. सभागृह ओस पडले नाही हे खरे, पण काही राजीनामे गणतीत धरायचे नसतात, वजनात धरायचे असतात.

निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी मोरारजी देसाई यांची सुटका झाली, आणि पाच दिवसांत, २३ जानेवारीला, संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ व समाजवादी पक्ष या चौघांनी मिळून जनता पक्षाची घोषणा केली. २ फेब्रुवारीला जगजीवनराम यांनी मंत्रिमंडळ सोडले आणि 'काँग्रेस फॉर डेमॉक्रसी' हा वेगळा पक्ष काढून ते जनता पक्षाच्या बाजूला उभे राहिले. नव्या पक्षाला स्वतःचे चिन्हसुद्धा नव्हते. बहुतेक ठिकाणी लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्के मारले गेले. चार बिऱ्हाडे एका घरात राहायला आली आणि दारावर पाटी मात्र एकाच बिऱ्हाडाची, असा तो प्रकार होता. नावाने हा एक पक्ष असला तरी स्वभावाने हे संयुक्त सरकारच होते, आणि पुढील सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघालेला आहे.

आता या लेखाच्या शीर्षकाविषयी. बांका हे बिहारमधील भागलपूरच्या दक्षिणेकडचे गाव, आणि बलरामपूर उत्तर प्रदेशात, नेपाळच्या तराईला लागून. दोन्ही ठिकाणी मराठी वस्ती म्हणावी अशी नाही. पण १९७७ मध्ये या दोन्ही मतदारसंघांनी मराठी माणूस निवडून दिला : बांक्याने मधू लिमये यांना, बलरामपूरने नानाजी देशमुख यांना.

लिमये मूळचे पुण्याचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. गोवा मुक्तीच्या लढ्यात दीड वर्षाहून अधिक काळ त्यांनी पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढला. महाराष्ट्रात त्यांना लोकसभेचे दार उघडले नाही. ते उघडले १९६४ मध्ये, मुंगेरच्या पोटनिवडणुकीत. १९६७ मध्ये पुन्हा मुंगेर, १९७३ मध्ये पोटनिवडणुकीत बांका, आणि १९७७ मध्ये पुन्हा बांका. बिहारच्या मतदाराने त्यांची जात विचारली नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु जातीचा एकही मत-गठ्ठा पाठीशी नसलेल्या माणसाला त्याने चार वेळा दिल्लीला पाठविले, हे खरे आहे. नानाजी त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील कडोळीचे, दारिद्र्यातून वर आलेले. संघाचे प्रचारक म्हणून ते तरुणपणीच उत्तर प्रदेशात गेले आणि तिकडचेच झाले. गोरखपूरला सरस्वती शिशु मंदिर उभे करणारे ते. १९७४ च्या नोव्हेंबरात पाटण्याला जयप्रकाशजींवर पडणारी लाठी त्यांनी अंगावर घेतली, हे सर्वश्रुत आहे. बलरामपूरला त्यांनी तिथल्या राजघराण्याच्या राणीसाहेबांचा पराभव केला.

निकालाची ती रात्र आमच्या पिढीला सांगावयास नको. मतदान १६ ते २० मार्च असे चालले. २० तारखेच्या रात्री आकाशवाणी जपून बोलत होती, म्हणून आम्ही बीबीसीवर कान लावून बसलो होतो. रायबरेलीतून स्वतः पंतप्रधान राजनारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी हरल्या, ही बातमी कानावर आली तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. १९७१ मध्ये ३५२ जागा मिळविणारी काँग्रेस १५४ वर आली. उत्तर प्रदेशच्या ८५ आणि बिहारच्या ५४ जागांपैकी तिला एकही मिळाली नाही. दक्षिणेत मात्र चित्र नेमके उलटे : आंध्रच्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या. ज्यांनी नसबंदीची सक्ती आणि घरे पाडणारे बुलडोझर पाहिले त्यांनी एक मत दिले, ज्यांनी ते पाहिले नाही त्यांनी दुसरे, असे आम्हांला वाटते.

आणि महाराष्ट्र? तो मधोमध राहिला. ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्टांना ३ आणि रिपब्लिकन पक्षाला १. मुंबईत काँग्रेसचा धुव्वा उडाला. मृणाल गोरे निवडून आल्या, आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आमच्या गावापर्यंत येऊन पोहोचली. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले. त्याआधी, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी जे बोलायचे ते बोलून टाकले होते, आणि तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या समक्ष. तुरुंगात राहून निवडून आलेले जॉर्ज फर्नांडिस मुंबईच्या कामगारांचे पुढारी. पण तेही बिहारमधूनच, मुझफ्फरपूरहून, तीन लाखांहून अधिक मताधिक्याने आले.

पंतप्रधान कोण, यावर तीन दावेदार होते : मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम. निवड जयप्रकाशजी व आचार्य कृपलानी यांच्यावर सोपविली गेली, आणि २४ मार्चला राजघाटावर शपथ घेऊन झाल्यावर मोरारजी पंतप्रधान झाले. वय वर्षे ८१. मराठी माणसाला हा घोट सोपा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होते, हे हुतात्मा चौकात गेलेला कोणीही विसरलेला नाही. त्या लढ्याचे अग्रणी एस. एम. जोशी हेच आता मोरारजींच्या पक्षात होते. एकवीस वर्षांपूर्वीचे वैर त्यांनी गिळले. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना ते शेवटपर्यंत गिळता आले नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मंत्रिमंडळात मराठी नावे होती. मोहन धारिया व्यापारमंत्री झाले. राजापूरचे मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. गावी जाण्यासाठी दोन-दोन रात्री गाडीत काढणाऱ्या आम्हा लोकांना दुसऱ्या वर्गाची ती लाकडी फळी पाठीने पाठ होती. त्या फळीवर दोन इंचांचा फोम घालण्याचे ठरविले ते दंडवत्यांनी. पहिल्या वर्गाची प्रतिष्ठा कमी करायची नाही, दुसऱ्या वर्गाची वाढवायची आहे, अशी त्यांची दृष्टी होती. १९७७ च्या अखेरीस हावडा आणि मुंबई यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही केवळ दुसऱ्या वर्गाची. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना त्यांनी कामावर परत घेतले. त्या सरकारच्या सत्तावीस-अठ्ठावीस महिन्यांतील पुष्कळ गोष्टी लोक विसरले, ती गादी मात्र राहिली.

लिमये आणि नानाजी यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत. दोघेही पक्षाचे सरचिटणीस झाले. एकाच कचेरीत दोन मराठी माणसे, दोघांनाही परप्रांताने निवडून दिलेले, दोघेही सत्तेबाबत निरिच्छ, आणि दोघांची वैचारिक घडण परस्परांशी न जुळणारी. वाद पेटला तो दुहेरी सदस्यत्वावरून. लिमयांचे म्हणणे असे की, जनसंघ विसर्जित झाला असेल तर त्याच्या माणसांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेली निष्ठाही सोडावी. एका पक्षात दोन निष्ठा चालणार नाहीत. जनसंघाच्या लोकांचे उत्तर असे की, संघ हा राजकीय पक्ष नव्हे, आणि विलीनीकरण झाले तेव्हा ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती.

हा वाद दिल्लीतच राहिला नाही. आपल्या मंडळातही काही घरे शाखेवर जाणारी होती, काही सेवादलाच्या संस्कारातली. १९७७ च्या मार्चमध्ये ज्या दोघांनी एकमेकांना पेढा भरविला, ते १९७९ च्या कोजागरीला एका सतरंजीवर बसले नाहीत. नावे सांगण्याचे कारण नाही; दोघेही आता हयात नाहीत.

आमचे मत विचाराल तर, लिमयांनी काढलेला प्रश्न खरा होता. तो टाळून पक्ष एकसंध होणे शक्य नव्हते. पण तो ज्यांच्या हाती गेला त्यांना तत्त्वाशी कर्तव्य नव्हते. चरणसिंग व राजनारायण यांना जून १९७८ मध्ये मंत्रिमंडळातून जावे लागले. चरणसिंग जानेवारी १९७९ मध्ये उपपंतप्रधान म्हणून परत आले, पण मने सांधली गेली नाहीत. तीन वृद्ध नेत्यांच्या खुर्चीच्या भांडणाला एका प्रामाणिक माणसाचा मुद्दा झाकण म्हणून उपयोगी पडला. लिमयांना हे दिसत नसेल असे आम्हांला वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा आमचा राग आदराइतकाच टिकला.

११ जुलै १९७९ रोजी अविश्वासाचा ठराव आला, तोही एका मराठी माणसाकडून : विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांच्याकडून. फर्नांडिस यांनी सभागृहात सरकारचा जोरदार बचाव केला आणि दोन-तीन दिवसांतच राजीनामा दिला. दंडवते मोरारजींबरोबर राहिले, लिमये फुटलेल्या गटाबरोबर गेले. जुने सहकारी असे दोन बाजूंना झाले. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. हे सरकार इंदिराजींच्या पाठिंब्यावर होते. तो काढून घेतला गेला, आणि २० ऑगस्टला, विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशीच, लोकसभेला सामोरे न जाता चरणसिंगांनी राजीनामा दिला. जयप्रकाशजी ८ ऑक्टोबरला गेले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. बांक्यात लिमये हरले. दुहेरी सदस्यत्वाचा निकाल एप्रिल १९८० मध्ये लागला : जनता पक्षाने त्यावर बंदी घातली, आणि ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष जन्माला आला.

तरीही त्या फाटक्या संसारातून एक वस्तू शाबूत बाहेर आली. ४४ वी घटनादुरुस्ती या लोकसभेने केली. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली. 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावरून आणीबाणी पुकारण्याची वाट बंद करून तिथे 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाने लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींना तशी घोषणा करता येणार नाही, असे ठरले. ज्या मुदतवाढीविरुद्ध लिमयांनी तुरुंगातून राजीनामा धाडला होता, ती अशी तीन वर्षांत मोडीत निघाली. या मतदानात जनसंघवाले आणि समाजवादी एकाच बाजूला होते.

साठी उलटलेल्यांनी राजकारण सोडावे, असे नानाजी म्हणत. त्यांनी ते स्वतः पाळले. प्रथम गोंडा जिल्ह्यात आणि नंतर चित्रकूट परिसरात त्यांनी खेड्यांचे काम उभे केले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटलाच त्यांचे निधन झाले. देह त्यांनी वैद्यकीय अभ्यासासाठी देऊन ठेवला होता. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. लिमयांनी १९८२ मध्ये सक्रिय राजकारण सोडले आणि दिल्लीतल्या साध्या घरात पुस्तके व शास्त्रीय संगीत यांच्या सोबतीने ते लिहीत राहिले. जनता पक्षाच्या प्रयोगाचा इतिहासही त्यांनी इंग्रजीतून दोन खंडांत लिहून ठेवला. ८ जानेवारी १९९५ रोजी ते दिल्लीतच वारले. पुण्याचा माणूस दिल्लीत, कडोळीचा माणूस चित्रकुटात. परत गावी राहायला दोघांपैकी कोणीच गेले नाही.