माणसाच्या बाजूने पाहताना : रोबेर द्वानो आणि मानवतावादी छायाचित्रण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये छायाचित्रकारांची एक पिढी रस्त्यावर रमली. शाळेत निघालेली पोरे, सुटी झालेले कामगार, कॅफेत बसलेली जोडपी हे तिचे विषय. आंरी कार्तिए-ब्रेसाँ, विली रोनिस, सबीन वाइस, रोबेर द्वानो ही त्यातली ठळक नावे. या प्रवाहाला मानवतावादी छायाचित्रण म्हणतात. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाने द्वानोंपासून सुरुवात करावी. या क्षेत्रातला आनंद आणि त्यातले वाद, दोन्ही त्यांच्या कामात भेटतात.

द्वानो १९१२ साली पॅरिसच्या वेशीवरच्या जाँतिई या उपनगरात जन्मले. शिक्षण शिळाछापाचे आणि कोरीवकामाचे. १९३४ पासून पाच वर्षे ते रेनोच्या मोटार कारखान्यात छायाचित्रकार होते. जर्मन अंमलाच्या काळात हाच कोरीवकामाचा हात प्रतिकार चळवळीसाठी खोटी कागदपत्रे बनवण्याच्या कामी आला. पॅरिसच्या उपनगरांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. मजकूर कवी ब्लेझ साँद्रार यांचा होता. त्यातल्या कष्टकरी वस्त्यांकडे द्वानो पाहुण्यासारखे पाहत नाहीत, कारण ते तिथलेच होते.

त्यांचा रोलायफ्लेक्स पोटाशी धरायचा कॅमेरा. छायाचित्रकार मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो, त्यामुळे समोरच्यावर यंत्र रोखले जात नाही. भिंग मुलांच्या उंचीच्या जवळ येते. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे, म्हणून योग्य क्षणासाठी थांबणेही आले.

आता त्यांची दोन चित्रे शेजारी ठेवू. १९४८ मध्ये द्वानोंनी एका जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या आतून, काचेपलीकडच्या लोकांची छायाचित्रे घेतली. त्यातल्या एकात काचेबाहेर उभ्या जोडप्यातली पत्नी समोरच्या चित्राबद्दल काही सांगते आहे आणि पतीची नजर बाजूच्या विवस्त्र स्त्रीच्या चित्राकडे तिरकी वळली आहे. आपले छायाचित्र निघते आहे, याची दोघांना कल्पना नाही. दुसरे चित्र १९५० चे, पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या चुंबनाचे. ते 'लाइफ' मासिकासाठी होते. त्यातली जोडी खरीच प्रेमात होती, पण द्वानोंच्या विनंतीवरून तिने कॅमेऱ्यासमोर चुंबन घेतले. ही गोष्ट १९९० च्या दशकात न्यायालयीन वादातून सर्वांसमोर आली आणि अनेक चाहते दुखावले.

नकळत टिपलेले ते खरे आणि सांगून घेतलेले ते खोटे, ही वाटणी इथे टिकत नाही. पहिल्या चित्रात संमती नाही, दुसऱ्यात योगायोग नाही. माणसांबद्दलची आस्था मात्र दोन्हींत आहे. तरीही आस्था पुरेशी असते का? १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'फॅमिली ऑफ मॅन' हे ५०३ छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात द्वानोही होते. जन्म, श्रम, मृत्यू सगळीकडे सारखेच, असे म्हणताना त्यामागचा इतिहास आणि अन्याय पुसला जातो, असा आक्षेप फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी त्यावर घेतला. तो आजही विचारात घ्यावा लागतो. माझ्या मते द्वानोंची उत्तम चित्रे त्याला पुरून उरतात, कारण त्यांतला माणूस 'मानवजात' नसतो. त्याला ठरावीक गल्ली, ठरावीक काम आणि ठरावीक काळ असतो.

म्हणून पुढची पाने उलटताना वाचकांनी प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत : छायाचित्रकार कुठे उभा होता, समोरच्या माणसाशी त्याचे नाते काय होते आणि चित्र कोणासाठी काढले होते? याच प्रश्नांनिशी आपल्या गावातल्या, आपल्या शहरातल्या छायाचित्रांकडेही जरूर पाहावे.