पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधील अध्यापन (१८८३-१८८६) : शिक्षिकेच्या अधिकाराचा प्रश्न

१. प्रस्तावना

ख्रिस्ती सेवाभावाने परदेशी जाऊन अध्यापन करणाऱ्या तरुण स्त्री-पुरुषांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईस आलेल्या आणि पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिंथिया फरार हे त्याचे महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण होय. पंडिता रमाबाईंचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका इंग्रज महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केले. भारतातील वसाहतकालीन शिक्षणव्यवस्थेत इंग्रज शिक्षक आणि भारतीय विद्यार्थी हे नाते सर्वमान्य होते. येथे ते उलटे झाले होते.

रमाबाईंच्या चरित्रात धर्मांतर, शारदा सदन आणि मुक्ती मिशन या विषयांची चर्चा विपुल झाली आहे. उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन आणि मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे या चर्चेला स्त्रीवादी व वसाहतवादविषयक परिमाणही लाभले. तथापि इंग्लंडमधील वास्तव्याकडे धर्मांतराची हकिकत म्हणून जितके पाहिले गेले, तितके अध्यापनाची हकिकत म्हणून पाहिले गेलेले नाही. या काळातील मूळ संघर्ष श्रद्धेपेक्षा शिक्षिकेच्या अधिकाराविषयी होता आणि पुढील संस्थात्मक कार्याचे बीज या संघर्षात आढळते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

२. साधनांचे स्वरूप

या काळाचे प्रमुख साधन म्हणजे रमाबाईंचा पत्रव्यवहार. त्याचे संकलन सिस्टर जेराल्डिन यांनी केले आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. या साधनाचा उपयोग करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, संकलनकर्त्या सिस्टर जेराल्डिन या वादातील एक पक्ष होत्या. रमाबाईंच्या त्या धर्ममाता होत्या आणि आपल्या धर्मकन्येच्या वर्तनाविषयी त्यांची स्वतःची ठाम मते होती. दुसरी अशी की, ही पत्रे इंग्रजीत आहेत आणि त्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आल्यानंतर सुरू केला होता. अवघ्या दोन-तीन वर्षांच्या परिचयाच्या भाषेत त्यांनी धर्मशास्त्रावर आणि स्वतःच्या हक्कांवर वाद घातला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

३. पार्श्वभूमी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. रमाबाईंचे प्रारंभीचे अध्ययन आईकडेच झाले. म्हणजे स्त्रीने शास्त्र शिकणे आणि ते शिकवणे ही त्यांच्या दृष्टीने घरातील परंपरा होती. आई-वडील दुष्काळात गेल्यावर त्या बंधू श्रीनिवास यांच्यासह भारतभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वत्सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. या सर्व काळात त्यांची पुराणकथने व व्याख्याने स्त्रिया आणि पुरुष अशा दोहोंसमोर होत असत.

बंधूंच्या निधनानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शिक्षणासाठी प्रशिक्षित शिक्षिका व स्त्री-तपासनीस नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, ही त्यांची मागणी होती. शिक्षिकेचे स्थान हा विषय त्यांनी परदेशी जाण्यापूर्वीच सार्वजनिक चर्चेत आणला होता, हे यावरून स्पष्ट होते.

४. वाँटेज : विद्यार्थिनी आणि शिक्षिका

१८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई मनोरमा व आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला निघाल्या. ग्रंथविक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चाच्या कामी आला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी-मंडळाचे पुण्यात कार्य होते. त्याच ओळखीतून त्यांची राहण्याची सोय झाली. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता, परंतु श्रवणदोषामुळे तो सोडून द्यावा लागला. काही महिन्यांतच आनंदीबाईंचा दुर्दैवी अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

वाँटेजमध्ये त्या भारतात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवीत. आश्रय आणि इंग्रजी शिक्षण यांच्या मोबदल्यात त्यांनी स्वतःचे भाषाज्ञान दिले, असे या व्यवहाराचे स्वरूप होते. मात्र दोन्ही पक्षांची त्याविषयीची समजूत सारखी नव्हती. भगिनी-मंडळाच्या दृष्टीने रमाबाई या भारतीय स्त्रियांमध्ये धर्मकार्य करण्यासाठी घडवावयाच्या नवदीक्षित होत्या. रमाबाई स्वतःला आधीच घडलेली आणि आणखी शिकू इच्छिणारी विदुषी मानत होत्या. पुढील मतभेदांचे मूळ या दोन समजुतींच्या अंतरात आहे.

५. चेल्टनहॅम

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये दाखल झाल्या. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्राचार्यपदी १८५८ पासून डॉरोथिया बील होत्या. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी झटणाऱ्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. केंब्रिजने मात्र त्यांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले. इंग्लंडमध्येही शिक्षित स्त्रीचे स्थान निश्चित झालेले नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

चेल्टनहॅममध्ये रमाबाई गणित, सृष्टिविज्ञान आणि इंग्रजी साहित्य यांचा अभ्यास करीत आणि संस्कृत शिकवीत. एकाच संस्थेत विद्यार्थिनी आणि शिक्षिका अशी दुहेरी भूमिका त्यांच्याकडे होती. बील यांच्याशी त्यांचा धर्मविषयक पत्रव्यवहार सुरू झाला तो याच काळात. रमाबाईंच्या बुद्धीला पटल्याशिवाय कोणताही सिद्धांत त्या स्वीकारणार नाहीत, तेव्हा त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, ही बील यांची भूमिका होती. ती अध्यापकाची भूमिका होती. वाँटेजकडून मात्र प्रश्नांपेक्षा आज्ञाधारकतेची अपेक्षा अधिक होती.

६. १८८५ चा वाद

या पार्श्वभूमीवर रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना पुढे आली. तिला मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. तरुण पुरुषांना शिकवल्याचे भारतात कळले तर रमाबाईंचा तेथील प्रभाव नष्ट होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अधिक प्रसिद्धी मिळाल्यास नवदीक्षित तरुणीच्या ठायी अहंकार उत्पन्न होईल, ही भीतीही त्यामागे होती.

रमाबाईंनी मे १८८५ मध्ये लिहिलेल्या पत्रांतून याचा प्रतिवाद केला. त्यांच्या उत्तराचे सार तीन मुद्द्यांत सांगता येते. एक, आपल्या आईने आणि आपण स्वतः तरुण पुरुषांना शिकवण्यास वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि ती काही इंग्रज मंडळींनी घ्यावी याचे त्यांना आश्चर्य वाटले. दोन, आपण माघार घेतल्यास ज्या देशभगिनी आपल्याकडे पाहतात त्यांच्यापुढे चुकीचा आदर्श ठेवला जाईल. तीन, एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने मुक्त झाल्यावर दुसऱ्या तशाच सत्तेखाली स्वतःला ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती.

यांतील पहिला मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. बिशपांनी ‘भारतीय लोकमता’चा आधार घेतला होता. भारतात वास्तव्य असल्यामुळे ते मत आपणास ठाऊक आहे, असा त्यांचा दावा होता. ज्या स्त्रीने भारतभर पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती, तिला भारताला काय चालते हे परदेशी धर्माधिकारी सांगत होते. शिवाय भारतीय लोकमत एकजिनसी नव्हते. याच वर्षी, जून १८८५ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या पहिल्या अंकात रमाबाईंची बाजू जाहीरपणे मांडली होती. पुण्यातील सनातन्यांची टीका आणि फुल्यांचे समर्थन ही दोन्ही भारतीय मतेच होती. बिशपांनी त्यांतील केवळ पहिल्या प्रकारचे मत हे भारताचे मत मानले. परिणामी सनातनी बंधन आणि चर्चचे बंधन एकाच निष्कर्षावर येऊन पोहोचले.

७. श्रद्धा आणि आज्ञापालन

याच काळातील अन्य मतभेदही याच सूत्रात बसतात. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना बायबलच्या आधारे पटेना. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी त्यांनी हरकत घेतली. आपल्याला किंवा आपल्या देशवासीयांना न समजणाऱ्या लॅटिनपेक्षा तेथे संस्कृत शब्द असावेत, अशी त्यांची इच्छा होती. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे याचा निर्णयही त्यांनी स्वतःकडे राखला.

या प्रत्येक प्रसंगी ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा अबाधित होती. प्रश्न होता तो निर्णय कोणी करावयाचा हा. अर्थात भगिनी-मंडळाचे चित्र केवळ दडपशाहीचे रेखाटणे अन्यायाचे होईल. त्यांनी परक्या देशात एका विधवेला आणि तिच्या लहान मुलीला आश्रय दिला. सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांत कठोरतेबरोबर जिव्हाळाही आढळतो. रमाबाईंनीही त्यांच्याविषयीची कृतज्ञता आणि पत्रव्यवहार पुढे टिकवला. मात्र उपकार आणि अधिकार यांतील सीमारेषा त्यांनी पुसू दिली नाही.

८. अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाईंनी इंग्लंड सोडले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या आर्थिक साहाय्याची हमी मिळाली. चेल्टनहॅममध्ये ज्या वर्गाविषयी वाद झाला, त्याहून कितीतरी मोठ्या स्त्री-पुरुषांच्या सभांपुढे त्या आता बोलत होत्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. विद्यार्थिनींच्या धर्मात हस्तक्षेप करावयाचा नाही आणि त्यांना आपापले आचार पाळू द्यावयाचे, हे सदनाचे धोरण होते. या धोरणाचे स्पष्टीकरण सामान्यतः हिंदू समाजाचा विश्वास संपादन करण्याची गरज असे दिले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. आहार, प्रार्थना आणि भाषा यांविषयी दुसऱ्याने निर्णय घेणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी वाँटेजमध्ये आश्रित या नात्याने अनुभवले होते. त्या अनुभवाची छाया सदनाच्या धोरणावर दिसते.

१८९३ मध्ये मात्र हेच धोरण वादाचे कारण ठरले. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसत, यावरून पुण्यात वादळ उठले आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. इंग्लंडमध्ये त्या पुरेशा ख्रिस्ती नाहीत असा आक्षेप होता, तर पुण्यात त्या अतिरिक्त ख्रिस्ती आहेत असा. पालकांची चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण गुरूच्या आचरणाचा प्रभाव आश्रित विद्यार्थिनींवर पडणे स्वाभाविक होते. वाँटेजमधील आश्रित आता स्वतः आश्रयदाती झाली होती आणि अधिकाराचा प्रश्न दुसऱ्या बाजूने तिच्यापुढे उभा राहिला होता.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) रमाबाईंचे इंग्लंडमधील वास्तव्य हे धर्मांतराबरोबरच अध्यापनाचेही पर्व होते. अध्यापनाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील मतभेदांची संगती अधिक स्पष्टपणे लागते.

(आ) १८८५ च्या वादात वसाहतकालीन चर्चने भारतीय रूढीचा आधार घेऊन भारतीय स्त्रीच्या अध्यापनावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. रूढी आणि चर्च या परस्परविरोधी मानल्या गेलेल्या सत्ता स्त्रीच्या बाबतीत परस्परपूरक ठरू शकतात, हे त्यातून दिसून येते.

(इ) शारदा सदनाच्या धर्मविषयक धोरणामागे व्यवहाराइतकाच या काळातील अनुभवही होता. आणि त्या धोरणाच्या मर्यादा १८९३ मध्ये उघड झाल्या.

स्त्रीला शिकू द्यावे की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लिहिले गेले. शिकलेल्या स्त्रीने कोणाला शिकवावे आणि ते कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला गेला. रमाबाईंनी तो चेल्टनहॅममधून विचारला आणि त्याचे उत्तर स्वतःच दिले : शिकवण्याचा अधिकार विद्येतून येतो. विद्यार्थिनींपेक्षा अध्यापिकांच्या स्थानाचा इतिहास अद्याप अल्प प्रमाणात लिहिला गेला आहे. या पत्रव्यवहाराचे त्या दृष्टीने पुनर्वाचन होणे अगत्याचे आहे.