मुठीवरची नावं

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या करवतीची मूठ उजेडात फिरवून पाहिली, की लाकडात ठोकलेली अक्षरं दिसतात. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, आणि बऱ्याचदा एकाच मुठीवर दोन-तीन वेगवेगळी नावं. कारखान्याचा छाप असतो तो पात्यावर. मुठीवरची नावं मालकांची. शेवटची दोन आडनावं सारखी असली, तर करवत बापाकडून मुलाकडे आली असं मानायला हरकत नसते. वेगळी असली, तर जावयाकडे गेली असेल, नाहीतर मालक गेल्यावर पेटीसकट विकली गेली असेल.

नाव ठोकण्यामागे हौस नव्हती. तिकडच्या कार्यशाळेत बाक मालकाचा असे आणि हत्यारं कारागिराची. दहा-वीस सुतार एका छपराखाली राबत, तेव्हा हत्यारांची अदलाबदल आणि चोरी व्हायचीच. शिवाय लाकडाचा भुसा आणि सरसाची चूल शेजारीशेजारी, त्यामुळे आगी नेहमीच्या. कार्यशाळा जळाली की मालकाचं दुकान जाई आणि सुताराची रोजीरोटी. 1860 मध्ये स्थापन झालेली सुतारांची मोठी संघटना आपल्या सभासदांना हत्यारांच्या नुकसानीची भरपाई देत असे, यावरून त्या पेटीची किंमत कळते.

या करवती बहुतेक शेफिल्डच्या. शेफिल्डजवळच्या हँड्सवर्थ गावात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने 1740 च्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. घड्याळाच्या कमानींसाठी त्याला एकजिनसी पोलाद हवं होतं. त्याचा फायदा पुढे करवतीलाही झाला. जुन्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असा छाप दिसतो तो या मुशीतल्या पोलादाचा. ओतीव बिडाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच शतकाच्या शेवटी मुंबईचाही या कथेला ओझरता स्पर्श झाला. 1794 मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झ या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. उत्तम पोलाद मुशीतच तयार होतं, हे इथले लोहार हंट्समनच्या कितीतरी शतकं आधीपासून जाणत होते.

चांगल्या करवतीचं पातं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. दातांकडे जाड, पाठीकडे पातळ. असं पातं लाकडात अडकत नाही, आणि दात आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवायचे तेही थोडेच वाकवले तरी भागतं. हा उतार आणण्यासाठी पातं पाण्याने भिजलेल्या प्रचंड दगडी चाकावर घासावं लागे. आधी हातोड्याने ठोकून ठोकून त्यातला ताण सारखा करायचा, मग चाकावर, मग पुन्हा हातोडा. काटे-सुऱ्या घासणाऱ्यांची फुप्फुसं कोरड्या दगडाच्या धुळीने तरुणपणीच निकामी होत. करवतवाले ओल्या दगडावर काम करीत, म्हणून त्या धुळीतून बरेचसे वाचत. पण गरगरणारा दगड फुटला तर समोरचा माणूस वाचणं अवघड.

याच घासणाऱ्यांच्या संघटनेने शेफिल्डचं नाव बदनाम केलं. वर्गणी थकवणाऱ्याच्या चाकाचा पट्टा रात्रीत गायब करायचा, म्हणजे तो आपोआप वठणीवर येतो, ही जुनी रीत होती. पुढे गोष्ट पट्ट्यांवर थांबली नाही. 1859 मध्ये जेम्स लिनली या करवत घासणाऱ्याला गोळी घातली गेली आणि काही महिन्यांनी तो मेला. ऑक्टोबर 1866 मध्ये संघटना सोडलेल्या टॉमस फर्निहो याच्या घरात दारूगोळ्याचा स्फोट झाला. 1867 मध्ये शेफिल्डला चौकशी बसली. खरं सांगणाऱ्याला माफी मिळेल असं जाहीर झाल्यावर संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने लिनलीवरच्या हल्ल्यासाठी आपणच पैसे मोजल्याचं कबूल केलं. हा गृहस्थ दारूचा गुत्ता चालवायचा. त्याच वर्षी शाही आयोगापुढे कामगार संघटनांची बाजू मांडायला उभा राहिला तो रॉबर्ट अ‍ॅपलगार्थ, वर सांगितलेल्या सुतार संघटनेचा सरचिटणीस आणि पूर्वी शेफिल्डलाच सुतारकाम केलेला माणूस. करवत घडवणाऱ्यांनी घालवलेली अब्रू करवत चालवणाऱ्याने सावरली, असं म्हणायला हवं. 1871 च्या कायद्याने कामगार संघटनांना कायदेशीर स्थान मिळालं. संग्राहकांच्या गप्पांत हा भाग क्वचितच येतो. त्यांना पितळी स्क्रूंची घडण अधिक प्रिय.

अमेरिकेची कथा एका माणसाभोवती फिरते. हेन्री डिस्टनचा जन्म 1819 मध्ये इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीचा. 1833 मध्ये तो वडील आणि बहिणीबरोबर फिलाडेल्फियाला उतरला आणि काही दिवसांतच वडील वारले. पोरका मुलगा करवत बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, 1840 मध्ये त्याने स्वतःचा धंदा मांडला आणि 1855 मध्ये इंग्रजी पोलादाचं मिंधेपण नको म्हणून स्वतःची भट्टी उभारली. 1874 च्या पेटंटची बाकदार पाठीची ‘डी-8’ करवत अमेरिकेत घरोघर पोचली. तिच्या मुठीला सफरचंदाचं लाकूड, तर इंग्रज बहुधा बीच वापरत. घराण्याची ही कंपनी 1955 मध्ये विकली गेली.

डिस्टनच्या मुठीवर मधोमध पितळी बिल्ला असतो आणि संग्राहक त्यावरून करवतीचं वय सांगतात. आधी नुसतं हेन्री डिस्टन, मग 1865 च्या सुमारास थोरला मुलगा हॅमिल्टन भागीदार झाल्यावर ‘अँड सन’, आणि पुढे ‘अँड सन्स’. याच हॅमिल्टनने 1881 मध्ये फ्लोरिडात 40 लाख एकर जमीन एकरी 25 सेंटने घेतली, म्हणजे करवतीच्या धंद्यात पैसा किती होता बघा. ‘वॉरंटेड सुपीरियर’ लिहिलेला गरुडाचा बिल्ला पाहून नवखे हुरळतात. तो अनेक कारखान्यांनी स्वस्त मालावर लावलेला सरसकट बिल्ला आहे.

शेफिल्डमध्ये या सगळ्याची नीट नोंद ठेवली ती हत्यारविक्रेते केन हॉली यांनी. कारखाने बंद पडत होते तेव्हा हॉली तयार मालाबरोबर अर्धवट घडलेली पाती, कारागिरांची हत्यारं आणि जुनी दरपत्रकंही उचलून आणत. 2010 पासून हा संग्रह केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. सायमन बार्ली यांचा ब्रिटिश करवती आणि त्यांच्या कर्त्यांवरचा ग्रंथ 2014 मध्ये आला. त्याच वर्षी हॉली वारले.

संग्रहालयांतल्या सर्वांत नामांकित करवती मात्र फारशा चाललेल्याच नाहीत. डिसेंबर 1796 मध्ये चॅथमच्या जोसेफ सीटनने मुलासाठी, बेंजामिनसाठी, हत्यारांचा पूर्ण संच विकत घेतला. मुलाने 1797 मध्ये त्यासाठी देखणी पेटी घडवली. त्यात शेफिल्डच्या जॉन केन्यनच्या करवती आहेत आणि त्या जवळपास कोऱ्या राहिल्या, म्हणूनच आजचे कारागीर त्यांची मापं घेऊन तशाच नव्या घडवतात. पेटी रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. अभ्यासाला ती अमोल, यात वाद नाही.

पण पिढ्यान्‌पिढ्या राबलेली करवत अशी दिसत नाही. दर वेळी दात कानशीने घासले की पात्याची रुंदी किंचित कमी होते. नातवाच्या हाती येईपर्यंत टोक पार निमुळतं होतं. बाजारात अशा करवतीला भाव कमी. हा हिशेब चुकीचा वाटतो. बिल्ला कारखान्याचं वय सांगेल. करवत किती घरं, किती दारं कापून आली, ते त्या झिजलेल्या पात्यावरच वाचता येतं.

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक करवतींचे दात विजेने तापवून इतके कडक केलेले असतात, की त्यांवर कानस चालत नाही. दातांच्या कडेची काळपट निळी पट्टी ही त्याची खूण. बोथट झाली की फेकायची. त्यामुळे ती कोणाला वारशाने मिळायचा प्रश्नच उरत नाही. कानस चालणाऱ्या करवती शेफिल्डमध्ये अजून बनतात, पण मोजक्याच.

आपल्याकडे खंडेनवमीला सुताराच्या घरी रंधा, वाकस, पटाशीबरोबर करवतीलाही हळदकुंकू लागतं. माळ्यावर आजोबांची करवत असेल, तर ती खाली काढा. गंज पात्यावरचा हलक्या हाताने, तेल लावून उतरवा. छाप असेल तिथे सँडपेपर अजिबात नको. मुठीला नवं पॉलिश चढवू नका, खुणा बुजतात. तिकोनी कानस घेऊन दात लावायला अजून कोणी जुना सुतार भेटला, तर ते काम त्याच्याकडून करून घ्या, आणि करवत कोणाकोणाच्या हातून आली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा.