बिनगियरची गाडी: एका रबरी पट्ट्याचा इतिहास

ऑटोमॅटिक गियर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर परदेशातल्या जुन्या स्पोर्ट्स कार येतात. 1953 ची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट फक्त दोन गियरच्या ऑटोमॅटिकवरच विकली गेली. स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक? शौकिनांनी नाकं मुरडली. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कॉर्व्हेट कोण आणणार? आपल्याकडे ऑटोमॅटिक आली ती स्कूटर बनून, आणि आजचा एपिसोड तिचाच आहे.

आधी जरा काळ बघू. 26 ऑगस्ट 1982 ला जुन्या चांद्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1984 मध्ये, पुण्याच्या फिरोदियांची किनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या. इंदूरजवळ पिथमपूरला कारखाना उभा राहिला आणि किनेटिक होंडा रस्त्यावर आली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटण स्टार्ट, गियर नाहीच. तेव्हा राज्य होतं बजाज चेतकचं. डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीत गियर, आणि गाडी जरा आडवी करून मारलेली किक. ते जमलं की माणूस ‘ड्रायव्हर’. त्यामुळे किनेटिकला लगेच ‘लेडीज गाडी’ म्हणून मोकळे झाले लोक. मला हे फार खटकतं. त्या ‘लेडीज गाडी’च्या आत जे होतं ते चेतकपेक्षा एक पिढी पुढचं होतं, आणि नेमकं तेच अनेक मिस्त्रींनी समजून घ्यायचं टाळलं.

आत होतं काय? दोन पुली आणि मध्ये एक रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनवर. तिच्यात छोटे रोलर असतात. रेस वाढली की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते, बेल्ट तिथे आत उतरतो. म्हणजे गियर एक-दोन-तीन असे नाहीत, मधले सगळेच आहेत. ही कल्पना कारमध्ये रुजवली हॉलंडच्या डाफ कंपनीने, 1958 मध्ये. आणि गंमत ऐका, 1993 मध्ये विल्यम्सने असाच गियरबॉक्स, रबराऐवजी धातूच्या पट्ट्याचा, फॉर्म्युला वनच्या कारमध्ये बसवून बघितला. चाचणीत गाडी चालवली डेव्हिड कुल्टहार्डने. 1994 च्या नियमांत ही पद्धतच बंद झाली. व्हिडिओ सापडतो, आवाज नक्की ऐका. रेसिंग कार एकाच सुरात रडते, थेट स्कूटरसारखी!

आता मुद्द्याचं. चंद्रपूरहून मूल, सावलीवरून गडचिरोली सुमारे 80 किलोमीटर. मध्ये जंगल, वाघाचा वावर. तिथे संध्याकाळी गाडी ‘उचलत नाही’ म्हटलं की तो नुसता गॅरेजचा विषय राहत नाही. आणि ही गाडी ढकलून चालू होत नाही! मागचा क्लच इंजिन फिरल्यावरच पकडतो, त्यामुळे चाकाकडून इंजिन फिरवता येत नाही. बॅटरी गेली की किक हाच आधार.

मी कोड लिहिणारा माणूस. बग सापडत नसेल तर आपण काय करतो? सिग्नल कुठपर्यंत पोचतो ते बघतो. इथेही तेच. गाडी डबल स्टँडवर घ्या, चालू करा, हळू रेस द्या. चाक अजिबात फिरत नाही? बेल्ट तुटला असेल किंवा क्लच पकडत नाही. स्टँडवर फिरतं, पण रस्त्यावर नुसतीच रेस वाढते? क्लच शू घासलेत नाहीतर बेल्ट घसरतोय. निघताना थरथर होत असेल तर बहुतेक क्लच शूला चकाकी आलीय. रेस न देताच गाडी पुढे सरकते? आधी आयडल स्क्रू बघा, मग क्लचच्या स्प्रिंग.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ‘पिकअप बरा, पण टॉप स्पीड गेला’. लोक कार्बोरेटर खोलून बसतात, सायलेन्सर जाळून साफ करतात. पण बेल्टची रुंदी कोण मोजतो? बेल्ट बाजूने झिजून अरुंद झाला की पुढच्या पुलीत पूर्ण वर चढतच नाही. इंजिन ठणठणीत असतं, वरचा गियरच हरवलेला असतो. आणि रोलर एका बाजूने चपटे झाले की गाडी धक्के देत वेग घेते, कारण ते सरकताना अडकतात.

पावसाळ्यात आणखी एक. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. अशा पाण्यातून स्कूटर काढली आणि बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं, तर ओला बेल्ट घसरतो. तेव्हा जोरात रेस देऊ नका. थांबा, वाळू द्या. घसरत्या बेल्टवर रेस म्हणजे बेल्ट जाळणं.

1998 मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली. 2008 मध्ये किनेटिकचा दुचाकी धंदा महिंद्राकडे गेला. पण आज तुम्ही ज्या अ‍ॅक्टिव्हावर कॉलेजला जाता, तिच्या डाव्या कव्हरखाली तीच पुली, तेच रोलर, तोच पट्टा आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला ते कव्हर उघडायला लावा आणि आत काळी रबरी भुकटी किती साचलीय ते स्वतः बघा. आणि लांब निघायच्या आधी, किक असेल तर ती चालते का तेही. बॅटरी चांगली असते तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि मग ती गंजून जाम होते.